इंगाची फाइल उघडेना

आर्विड टोलेफसनला टाकाऊ वस्तू दिसली की राहवत नाही. नॉरहॉल्मच्या कचऱ्याच्या मैदानावर हा माणूस अर्धी गाडी भरून जातो आणि पूर्ण भरून परत येतो. त्याची बायको इंगा होती तेव्हा ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"आता काय आणलंस?"

"काही नाही गं. एक कॉम्प्युटर. चालतोय की."

"चालतोय तर लोकांनी टाकला कशाला?"

"लोकांना कळत नाही म्हणून."

हे संभाषण मी कुंपणापलीकडून निदान दोनशे वेळा ऐकलंय. मी डोरीन कोझाक, त्यांची शेजारीण. जन्म इथलाच, कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या सपाट मातीतला. सत्तरी ओलांडली तरी शेजारचं ऐकू येण्याइतके कान अजून शाबूत आहेत.

आर्विडने अठ्ठावीस वर्षं रुळांकडेच्या धान्याच्या कोठारावर काढली. शेतकऱ्याचा ट्रक आला की हा मूठभर गहू तोंडात टाकून चावायचा आणि प्रत सांगायचा. त्याने सांगितलेली प्रत कुणी कधी खोटी म्हटली नाही. मग कोठार पाडलं, मागोमाग रूळही उचलून नेले, आणि चोपन्नाव्या वर्षी आर्विड घरी बसला. आम्हाला वाटलं, आता हा खिडकीत बसून झुरणार. कसलं झुरणं आणि काय! पठ्ठ्याने तळघरात टाकलेल्या कॉम्प्युटरांचं इस्पितळ उघडलं. येईल त्या मशीनवर लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली चढवायचा आणि गावात कुणाला तरी देऊन टाकायचा. वाचनालय झालं, बर्फावरच्या कर्लिंग खेळाचं मैदान झालं, गावच्या हॉलचं ऑफिस झालं. माझ्याही गळ्यात एक बांधला.

"हे मोकळं आहे, डोरीन," तो मला बजावायचा. "फुकट म्हणून नव्हे. मोकळं म्हणून घ्यायचं. याला कुणी मालक नाही, कुलूप नाही."

आता आमच्या इंग्रजीत फुकट आणि मोकळं या दोन्हीला शब्द एकच, फ्री. त्यामुळे आर्विड मोकळं म्हणायचा, गाव फुकट ऐकायचं, आणि दोघेही खूश असायचे.

तर पुढे त्याच्या या खटाटोपाचा ध्यास झाला तो एका पावापायी. आणि त्या पावाच्या मुळाशी मी होते, हे मला फार उशिरा कळलं.

ते नीट सांगायला हवं. १९८९ साली आमच्या हॉलला सत्तर वर्षं झाली, म्हणून गावातल्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढलं. एकशे चाळीस पाककृती. टाइप कुणी केल्या? मी. पोस्टातली नोकरी सांभाळून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकटीने. त्यात पान सत्तेचाळीसवर इंगाचा वेलचीचा गोड पाव. हा पाव म्हणजे काय चीज होती! दर ऑक्टोबरात हॉलमध्ये टर्कीचं गावजेवण होतं, तीनेकशे माणसं जेवतात, आणि टर्कीच्या आधी लोक इंगाच्या पावाची टोपली कुठल्या टेबलावर आहे ते बघून जागा धरायचे.

पुस्तक निघालं आणि गावभर पाव भाजले गेले. एकाचाही फुगला नाही. माझा तर असा झाला की आमच्या कुत्र्याने तो अंगणात पुरला.

आता आमच्याकडे बायकांची एक जुनी खोड आहे. पाककृती मागितली तर नाही म्हणायचं नाही, पण एक जिन्नस गाळून द्यायचा. मी माझ्या कोबीच्या गुंडाळ्यांत व्हिनेगर घालते हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आत्ताही सांगितलं असं धरू नका. म्हणून माझी खात्री पटली: इंगाने काहीतरी लपवलंय. आणि खात्री पटली की मी गप्प बसणारी बाई नव्हे. पोस्टाच्या खिडकीतून अख्ख्या गावाला मीच सांगितलं. "गोड बोलते, पण हात आखडता हो बाई. एक जिन्नस गाळलाय तिने." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिच्या तोंडावरही म्हणाले. "इंगा, खरं सांग, काय गाळलंस?"

ती हसायची. "काही नाही गं. मी लिहिलं होतं तसंच कर."

प्रत्येक वेळी हेच वाक्य आणि हेच हसू. मला इतका राग यायचा त्या हसण्याचा! तरी कॉफीला मी रोज तिच्याकडेच जायचे, ते वेगळं.

इंगा सहा वर्षांपूर्वी गेली. पहिल्या हिवाळ्यात आर्विडने स्वतः पाव करायचं मनावर घेतलं. या माणसाने जन्मात अंडं उकडलेलं नाही. त्याने पुस्तक उघडलं, पान सत्तेचाळीस, अक्षर न् अक्षर पाळलं, आणि तासाभराने माझ्या दारात आला. हातात ताट, ताटात वीट.

"डोरीन, तू म्हणत होतीस ते खरं का गं?"

"काय ते?"

"की ती लपवायची."

मी म्हणाले, "अरे, सगळ्याच लपवतात. त्यात काय एवढं?"

"लोकांपासून लपवलं तर एक वेळ समजू शकतो," तो म्हणाला. "पण मी तिला दर वर्षी विचारायचो. मला पण ती म्हणायची, लिहिलंय तसंच आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढंच खोटं सांगितलं असेल, तर ते तरी का सांगितलं?"

मी ताट घेतलं आणि त्याला सूप प्यायला बसवलं.

इंगा शाळेच्या ऑफिसात कारकून होती. तिच्याकडे गावातला पहिला कॉम्प्युटर होता आणि तिने मला दिलेली पाककृती त्याच्यावरच लिहिलेली होती. तो छापील कागद मी टाइप झाल्यावर चुलीत घातला होता, पण फाइल फ्लॉपीवर होती. फ्लॉपी वाचायची यंत्रं आर्विडकडे एक सोडून सहा. अडचण भलतीच निघाली. ती फाइल ज्या प्रोग्राममध्ये लिहिली होती तो बनवणारे लोक कधीच धंदा गुंडाळून गेले होते, आणि दुसरा कुठलाही प्रोग्राम तिला ओळख दाखवेना.

तेव्हापासून आर्विडने ध्यास घेतला. लिनक्सवर चालणारं, ऑफिसच्या कामाचं, पत्रं आणि कागद लिहायचं जे जे म्हणून जगात कुणी बनवलं असेल ते ते उतरवून घ्यायचं आणि त्यात इंगाची फाइल घालून बघायची. घरचं इंटरनेट गोगलगाय, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी वाचनालयात यायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिथे मीच बसते. बियाण्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे त्याने यादी केली होती. एकाने फाइल उघडली आणि पानभर चौकोन दाखवले. एकाने नुसती प्रश्नचिन्हं. एकाला हिशेबाचे तक्ते तेवढे येत होते. एकाच्या सगळ्या आज्ञा जर्मनमध्ये, तर हा पाद्रीबुवांच्या सासूला धरून घेऊन आला, त्या म्हातारीला जर्मन येतं म्हणून.

"अरे, शहरात जाऊन विकतचा प्रोग्राम घे ना एखादा," मी म्हणायचे.

"तिघांकडे विचारून झालं. ते म्हणतात, इतकी जुनी फाइल आम्ही सोडून दिली. त्यांना गरज नाही." मग डोळे मिचकावून म्हणायचा, "मोकळ्याचं कसं असतं, जगात एका जरी वेड्याला गरज असली ना, तो बनवतोच."

"आणि तो वेडा कुठे भेटायचा?"

तो वेडा निघाला वेडी. झेक देशातल्या ब्रनो गावची याना नावाची बाई, दिवसा दातांची डॉक्टर. ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रामांच्या एका मोकळ्या संचात जुन्या, बेवारस फायली वाचायची सोय करणं हा तिचा रविवारचा छंद. आर्विडने पत्र टाकलं आणि तिचं उत्तर आलं. "टोलेफसनसाहेब, तुमच्या फाइलसारख्या दहा-वीस फायली मिळाल्या तर मला त्यांची लिपी लावता येईल."

झालं! आर्विडने इंगाच्या सगळ्या फ्लॉप्या उपसल्या. शाळेची पत्रं, बसच्या वेळा, पालकांना नोटिसा. सगळं ब्रनोला गेलं. पाककृतीची फाइल मात्र त्याने पाठवली नाही.

"ती का नाही?"

"ती पहिल्यांदा मीच वाचणार. खरी असो नाहीतर खोटी."

पुढे दीड वर्ष गेलं. यंदा हॉलला शंभर वर्षं व्हायची होती. गावजेवणाची तारीख ठरली आणि हॉलच्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "इंगाचा पाव असता तर..." दुसरी कुणी पटकन म्हणाली, "ती घेऊन गेली ना तो गाळलेला जिन्नस!" सगळे हसले. मीही हसले. मागे आर्विड खुर्च्या मांडत होता हे कुणी पाहिलंच नाही. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि म्हणाला, "इंगाने काही गाळलेलं नाही. मी दाखवीन." आणि निघून गेला. मान इतकी खाली घातलेला आर्विड मी कोठार पाडलं त्या दिवशीही पाहिला नव्हता.

गावजेवणाच्या दहा दिवस आधी, गुरुवारी सकाळी, यानाचं पत्र आलं. नवी आवृत्ती तयार आहे, करून बघा. आर्विडने ती उतरवून घेतली, चढवली, आणि मग नुसता बसून राहिला.

"उघड ना," मी म्हणाले.

"उघडतो की."

"मग बोट का थरथरतंय?"

"थंडी आहे."

वाचनालयात हीटर भणभणत होता. शेवटी मीच त्याच्या बोटावर बोट ठेवून बटण दाबलं.

चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत. वरती मधोमध "वेलचीचा गोड पाव", खाली जिन्नस. आर्विडने चष्मा पुसला. मी मात्र अधाशासारखी गाळलेला जिन्नस शोधत सुटले. मैदा, दूध, लोणी, साखर, अंडी, यीस्ट, वेलची, लिंबाची साल, मीठ. पुन्हा वाचलं. कपाटातून छापील पुस्तक काढलं आणि पान सत्तेचाळीस शेजारी धरलं. तेच नऊ जिन्नस, तेच आकडे.

"सगळं तेच आहे," आर्विड म्हणाला. "म्हणजे इथेही लपवलं."

मी बोलणारच होते, "बघ, मी म्हणत नव्हते?" तेवढ्यात माझी नजर यीस्टवर गेली.

आमच्याकडे पाककृतीत चमचा लिहायला काही लोक नुसता इंग्रजी टी काढतात. मोठ्या लिपीतला टी म्हणजे जेवणाचा मोठा चमचा. बारक्या लिपीतला टी म्हणजे चहाचा छोटा चमचा. छोटे तीन म्हणजे मोठा एक. पण असं लिहिणारे फक्त इंगासारखे, नॉर्वेहून आलेल्या घरांतले. बाकी आम्ही सगळ्या ते शब्द पूर्ण लिहितो. इंगाच्या फाइलमध्ये यीस्ट दोन टी होतं, आणि तो टी मोठा होता. वेलचीचा मोठा, लिंबाच्या सालीचाही मोठा. मिठाचा तेवढा बारका.

पुस्तकात चारही बारके होते.

मला शाळेत शिकवलं होतं की ओळीच्या मध्येच मोठं अक्षर आलं तर तो अडाणीपणा. एकशे चाळीस पाककृती मी त्याच शिस्तीत बडवल्या. दोन टींमधला फरक मला माहीत नव्हता असं नाही हो. माझ्या बोटांना माहीत नव्हता. तीस वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर म्हणजे पोस्टाच्या खिडकीत बसलेली मी!

आर्विडला तो फरक दिसला नव्हता. त्याच्यासाठी टी म्हणजे टी. मी ओठ मिटून घेतले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात आलं, की बोललेच नाही तर कुणाला कळणार आहे?

"मला जरा बरं वाटत नाही," म्हणून मी कोट उचलला आणि घरी आले. मागे प्रिंटर टींटीं करत होता आणि आर्विड त्याला शिव्या देत होता. त्या नव्या संचाने युरोपातला लांब कागद धरला होता आणि आमचा प्रिंटर तसला कागद मागत अडून बसला होता. तसला कागद आमच्या प्रांतात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळली. यीस्ट दोन मोठे चमचे, वेलची एक मोठा चमचा. तासाभरात ती पातेल्याबाहेर आली. पाव भट्टीत गेला आणि घरभर इंगाचा वास पसरला. मी जमिनीवर बसून रडले, मोठ्याने, अगदी लहान पोरीसारखी. सहा वर्षांपूर्वी तिच्या दफनाला मी इतकी रडले नव्हते.

गावजेवणाच्या दिवशी मी बारा पाव घेऊन गेले. टेबलांचे नंबर पुकारायचा माईक दरवर्षी माझ्याकडेच असतो. सगळे बसले तेव्हा मी तो हातात घेतला.

"टेबल एकच्या आधी एक गोष्ट," मी म्हणाले. "टोपल्यांत आहे तो इंगाचा पाव. तिने एकही जिन्नस गाळलेला नाही. पुस्तकात टी बारके टाइप केले ते मी. तीस वर्षं तिला चिक्कू म्हणाले तीही मीच. ती नाही, मी चुकले. आता खा, आणि जेवण झाल्यावर काय ते मला बोला."

मागून कुणीतरी ओरडलं, "डोरीन, आमच्या कुत्र्याचा दात पडला होता गं त्या पावाने!" आणि अख्खा हॉल खदखदून हसला.

मी मात्र आर्विडकडे बघत होते. त्याने पावाचा तुकडा तोडला, हुंगला, पूर्वी गहू चावायचा तसा हळूहळू चावला. डोळे मिटले. मग उठून माझ्यापाशी आला.

"पहिली प्रत," तो म्हणाला.

"आर्विड, मी गुरुवारीच सांगायला हवं होतं रे. माझी जीभच उचलेना."

"मला गुरुवारीच कळलं," तो म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "कागद आपल्या मापाचा केला तर शेवटच्या ओळी घसरून दुसऱ्या पानावर आल्या. पडद्यावर आपण तिथवर गेलोच नव्हतो."

इंगाला कारकुनी सवय होती. प्रत्येक कागदाच्या तळाशी 'बाकी' असं लिहून उरलेलं काम टिपायची. कागदावर चार ओळी होत्या.

"बाकी: पुस्तकात पान ४७ वर तीन मोठे टी बारके झालेत. पुढच्या छपाईत नीट करणे. डोरीनला बोलायचं नाही. सगळं पुस्तक तिने एकटीने केलंय, आणि त्याच महिन्यात तिचे वडील गेले."

पुढची छपाई कधी झालीच नाही.

"मग तू का नाही बोललास?" मी विचारलं.

"तिने बोलायचं नाही म्हणून लिहिलंय ना," आर्विड म्हणाला. "ती माझ्याशी खोटं बोलली नाही, एवढंच मला हवं होतं. आता रडू नको बाई, तीनशे माणसं टर्कीसाठी ताटकळलीत. टेबल एक पुकार."

मी टेबल एक पुकारलं.

त्यानंतरच्या मंगळवारी वाचनालयात रांग लागली. आर्विडने यानाला आभाराचं पत्र पाठवलं आणि पाककृतीही पाठवली, टी नीट तपासून. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक होतं, लोण्याचे डाग पडलेलं, कव्हर निघालेलं. मी काळं पेन घेऊन बसले आणि एकेकाचं पान सत्तेचाळीस दुरुस्त करून दिलं. लोक टोमणे मारत होते, मी निमूट ऐकून घेत होते. सगळ्यात शेवटी आर्विडने इंगाची स्वतःची प्रत पुढे केली. त्या पानावर तिच्या हातची एकही खूण नव्हती. मी तीन टी मोठे केले, आणि मिठाचा होता तसा ठेवला.